साहेबासमोरचे चार घास

माझ्या खोलीच्या दारावर 'व्यवसायोपचार' अशी पाटी होती. ती वाचून दुकान टाकायला कर्ज मिळतं का, असं विचारायला माणसं यायची. आधी हसू यायचं, मग वैताग. लकवा मारलेल्या, हात चिरडलेल्या माणसाला परत स्वतःच्या हातानं जेवता यावं, अंगात कपडे घालता यावेत, गुंड्या लावता याव्यात, हे माझं काम. जालन्याच्या त्या दवाखान्यात ते कुणालाच धड ठाऊक नव्हतं. सगळे मला मालिशवाल्या मॅडम म्हणायचे. मी मेली जन्मात कुणाची मालिश केली नाही!

तेव्हा दवाखान्यात नवी यंत्रं येऊन राहिली होती, त्यांच्यामागून नवे नियम. माझी जागा कंत्राटी. व्यायाम शिकवणारा एक माणूस आहे ना, मग ही दुसरी बाई कशाला, असं वर बोलणं निघालं. मी अर्ज केले, भांडले, जाईन तिथं तेच रडगाणं गायले. शेवटी मोठे साहेब म्हणाले, "बरं, तपासणीला येईन तेव्हा दाखवा, काय करता ते."

दाखवण्यासारखं माझ्याकडे होतं. आष्टीकडच्या एक मावशी दर आठवड्याला एसटीनं यायच्या. लकव्यानं त्यांची उजवी बाजू गेलेली. सोबत सून. ती इतकी चांगली की मला तिचाच राग यायचा. घास भरवायची, तोंड पुसायची, वेणी घालायची.

"भरवू नकोस," मी तिला म्हणाले. "सांडू दे त्यांना."

ती मावशींचं तोंड पुसतच राहिली. "म्याडम, घरात सून असून म्हातारी सांडून खाऊन राह्यली, असं दिसल्यावर लोकं मला जगू देतील का?"

तिचं खरं होतं. पण कामाला लावला नाही तर हात मांडीवर तसाच पडून राहतो, बोटं आखडत जातात, हेही खरं होतं.

मी चमच्याच्या दांड्याला सायकलची जुनी ट्यूब गुंडाळली, म्हणजे तो मुठीत बसेल. वाटीत वरणात चुरलेली भाकरी. मावशी चिडायच्या, चमचा फेकून द्यायच्या. मी तो उचलून परत हातात द्यायची आणि रागवायची. असे कितीतरी आठवडे गेले. एका दुपारी चमचा तोंडापर्यंत पोचला. मावशींनी घास चावला, गिळला आणि सुनेला म्हणाल्या, "मीठ कमी हाय गं." आम्ही तिघी हसलो. सून तर हसता हसता रडायलाच लागली. पुढं पुढं मावशी अख्खी वाटी एकट्या संपवायच्या.

तपासणीला साहेब आले, मागं पाच-सहा माणसं, हातात मोबाईल. मी वाटी पुढं ठेवली. "खा मावशी."

मावशींनी डाव्या हातानं पदर कपाळापर्यंत ओढला आणि मान खाली घातली. अरे देवा! परक्या पुरुषांच्या घोळक्यासमोर ही बाई उभ्या जन्मात जेवली नव्हती, आणि ते माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. "दोनच घास, मावशी," मी गयावया केली. त्यांनी उजवा हात उचलला, चमचा कलला. वरण लुगड्यावर सांडलं. सुनेला ते बघवेना. तिनं चमचा काढून घेतला आणि भराभर भरवायला लागली. "असू द्या आत्याबाई, मी हाय ना." मावशी गुमान तोंड उघडत राहिल्या.

"वा! अशी सून सगळ्यांना मिळो," साहेब म्हणाले. मग माझ्याकडे वळून, "मॅडम, हे तर घरचेच करतात की. याला पगारी माणूस कशाला?"

तळपायाची आग मस्तकात गेली, पण मी तोंड उघडायच्या आत साहेब वळलेही. सगळा लवाजमा नव्या यंत्राच्या खोलीकडे निघून गेला.

मी दार लोटलं. मावशींनी पदर मागं सारला, सुनेकडून चमचा मागून घेतला आणि उरलेलं सगळं खाल्लं. सावकाश, न सांडता. "जा," मला म्हणाल्या, "सांग साहेबाला. म्हणावं, खाल्लं म्हातारीनं."

मी गेले. यंत्रासमोर फोटो काढणं चाललं होतं. "मॅडम, जरा बाजूला," कुणीतरी म्हणालं. मी बाजूला झाले आणि परत आले.

"सांगितलं मावशी. साहेब खूश झाले." मावशी किती गोड हसल्या!

त्याच महिन्यात पाटी उतरली. मी आता नवीन जालना भागात घरोघरी जाऊन हेच काम करते, कुणी बोलावलं तर. मध्यंतरी न राहवून सुनेला फोन लावला. मावशी जेवतात का आपल्या हातानं, विचारलं.

"न्हाई म्याडम. भरवूनच राह्यले मी. लोकं बघतेत, आन् रागवायला तुम्ही बी न्हाईत. हात पार आखडला त्यांचा."

"आणि चमचा?"

"हाय की," ती म्हणाली. "फळीवर ठेवलाय. लई जपून."