पटावरच्या मुली

घराण्याची वंशावळ पुरी करायला मी पनवेलच्या वाचनालयात जायचो. त्या वंशावळीत सगळे पुरुषच. समोर एक वयस्कर गृहस्थ बसायचे, टोपी मांडीवर ठेवून. खेड्यातल्या शाळेचे जुने पट उघडून ते फक्त मुलींची नावं हळू आवाजात वाचायचे, आणि प्रत्येक नावानंतर मान वर करून क्षणभर थांबायचे.

शेवटी न राहवून विचारलंच, "कोणाला शोधताय?"

"आजीला. या शालंत व्हती. लग्नात नाव-आडनाव दोनी बदललं, आदीचं कुनालाच ठावं नाय."

"मग ओळखणार कशी?"

"नाय वलखनार," ते हसले. "म्हनून सगल्यांनाच हाक मारतो. माहेरच्या नावानं तिला किती वर्सांत कुनी बोलावलं नसंल."