ताईच्या रेणूची टोपी

हे कुणाला सांगायचं नाही, असं महादेवभाऊंनी मला बजावलं आहे. पण ताईच्या कॉलेजातल्या प्रयोगशाळेच्या गोष्टी इतक्या साठल्या आहेत, की एक झाकली तर दुसरी निसटते. शाळा सुटली की मी ताईचा डबा घेऊन तिथे जाते आणि कोपऱ्यातल्या स्टुलावर बसते. बोलत नाही, म्हणून कुणी उठवत नाही.

ताईचा पदार्थ म्हणजे एक पांढरी भुकटी. तिला शिकवणारे सर एकदा सांगत होते, "या रेणूला दोन टोकं. एक फिनॉलचं, एक ॲसिटिलीनचं. फिनॉलकडून काम करून घेताना ॲसिटिलीन मध्ये लुडबुडतं. म्हणून त्याला सिलिकॉनची टोपी घालायची. काम झालं की काढायची."

बाटल्या धुणारे महादेवभाऊ म्हणाले, "म्हंजे डवरणीले उभ्या पिकात जुंपलेल्या बैलाच्या तोंडाले मुसकं बांधतो तसं. पिकाले तोंड लावत नाही."

"महादेव, तूच शिकवायला हवं होतंस."

"मंग बाटल्या कोन धुईन, सर?"

*

सर पुण्याचे. मे महिन्यात ते खिडकीला वाळ्याची ओली ताटी लावून बसतात आणि अमरावतीच्या उन्हाला नावं ठेवतात. पण टोपी घालायचं औषध जरा दमट हवा लागली की धुरावतं. महादेवभाऊंनी ताटी उतरवली. सर घाम पुसत उभे राहिले.

"पाहा सर, आमचं ऊन कामाले आलं."

*

ताईच्या बोटावर फिनॉलचा पांढरा डाग पडला, त्याच आठवड्यात अकोल्याचे पाहुणे तिला पाहायला आले. मुलाच्या आईनं विचारलं, "हा पसरतो का?"

"सांडलं तिथेच राहतो," ताई म्हणाली. आता हे नाही म्हणणार, असं तिला वाटलं.

त्यांनी होकार कळवला. मग बाबांनी ठरवलं, परीक्षकांनी काम पसंत केलं तर पुढे संशोधन, नाही तर अकोला.

*

गेल्या महिन्यात महादेवभाऊंच्या ढिगातली एक बाटली मी ताईला न सांगता घासायला घरी नेली. घरी भांडी घासतो तशी मी ती चुलीच्या राखेनं घासली. नीट विसळली नसेन. ताईनं टोपी घातलेली निम्मी भुकटी मेथिल अल्कोहोलात विरघळवून त्या बाटलीत ठेवली. दोन दिवसांत सगळं तपकिरी झालं.

सरांनी तपासलं. "टोपी निघाली. क्षार लागला कुठला तरी. बाटली कुणी धुतली?"

महादेवभाऊंनी माझ्या नखांतल्या राखेकडे पाहिलं आणि म्हणाले, "म्या, सर. धुण्याच्या सोड्यानं."

सर रागावले नाहीत. ताईला म्हणाले, "टोपी काढायचा उपाय तर सापडला. प्रबंधात लिही, आणि परीक्षकांसमोर करून दाखव."

बाहेर महादेवभाऊ मला म्हणाले, "कोनाले सांगू नोको पोरी. तुह्या ताईले वाईट वाटन."

परीक्षक उद्या येणार आहेत. ताई आत्ता माझ्यासमोर उरलेल्या भुकटीतली चिमूटभर घेऊन तिसऱ्यांदा सोडा घालून पाहते आहे. सोडा अल्कोहोलात विरघळत नाही, तळाशीच बसतो; टोपी निघत नाही. महादेवभाऊ बाटल्या धुताहेत, वर पाहत नाहीत. मी आता उठून तिला सांगणार आहे, की सोडा नव्हताच, ती तर आपल्या चु—

"कुमे, काय लिहीत बसलीस? इकडे ये जरा."