सगळ्या माना वळल्या तेव्हा

चष्म्यांचं दुकान चालवणारे चष्मेवाले गावच्या सेवा मंडळात जायला लागले तेव्हा बायकोने एवढंच बजावलं होतं, "जा, पण उगाच कुणाच्या डोळ्यांवर येऊ नका म्हणजे झालं."

गावात त्यांच्या समाजाची घरं बोटांवर मोजण्याइतकी. घरात बोलायची भाषा वेगळी, प्रार्थना वेगळी. "आपण थोडे आहोत, थोड्यांनी गाऱ्हाणी सांगायची नसतात," असं त्यांना वडिलांनी शिकवलेलं. झाकली मूठ सव्वा लाखाची, या हिशेबाने त्यांनी आयुष्य काढलं होतं. दुकानात कुणी टोचून बोललं तरी हे आपले मान खाली घालून फ्रेमचा स्क्रू पिळत बसायचे. मंडळात मात्र त्यांना मनापासून मान होता. शाळाशाळांत जाऊन ते मुलांचे डोळे फुकट तपासत. एखादं पोरगं "चष्मा नको, मुलं चिडवतात" म्हणून हटून बसलं, की स्वतःचा जाडजूड चष्मा त्याच्या नाकावर चढवून पुढे आरसा धरत. पोरगं हसलं की काम फत्ते.

मंडळाची एक रीत होती. वाचनालयाच्या माडीवर बैठक भरली की आधी एक पत्र्याचा डबा फिरायचा. ज्याच्याकडे चांगली बातमी असेल त्याने त्यात नाणं टाकायचं आणि बातमी सांगायची. कुणाला नातू झालेला असे, कुणाची कवळी एकदाची नीट बसलेली असे. वाईट बातमीसाठी डबा नव्हता.

धाकटी लेक विद्यापीठात गेल्यापासून चष्मेवाल्यांचं नाणं कधी चुकलं नव्हतं. त्या मोजक्या घरांतून एवढी शिकायला गेलेली ती पहिलीच. पण बैठकीच्या आदल्या संध्याकाळी तिचा फोन आला.

"बाबा, मी रविवारी सामान घेऊन येते. परत जायचं नाहीये मला."

"अगं, झालं काय? कुणी काही बोललं?"

"कुणी वाईट काही बोलत नाही, तेच तर! वर्गात आपल्या लोकांचा विषय निघाला, की सगळ्या माना माझ्याकडे वळतात. 'तुमच्यात काय करतात गं?' मला काय माहीत सगळ्यांचं? मी तिथे विद्यार्थिनी नाहीच बाबा, नमुना आहे."

"एवढं काय मनाला लावून घ्यायचं? दुर्लक्ष करावं," चष्मेवाले म्हणाले. तिकडून फोन ठेवल्याचा आवाज आला.

दुसऱ्या दिवशी डबा फिरत फिरत त्यांच्यापुढे आला. दातांचे डॉक्टर मंडळाचे अध्यक्ष होते. ते मोठ्या प्रेमाने म्हणाले, "हं, चष्मेवाले, धाकटी काय म्हणते?" हात सवयीने खिशात गेला. नाणं खणकन वाजलं. "मजेत आहे," चष्मेवाले म्हणाले. टाळ्या पडल्या. त्यांना पाण्याचा घोट घ्यावासा वाटला, पण तांब्या दूर होता.

त्या दिवशी बोलायला विद्यापीठातल्या एक बाई आल्या होत्या. अल्पसंख्य समाजांतून येणाऱ्या मुलांसाठी तिथे एक केंद्र आहे, ते त्या चालवत. बाई साध्या बोलत होत्या. केंद्र म्हणजे मुख्यतः एक खोली. जुनी मुलं नव्या मुलांचा हात धरतात, कुणाला प्रार्थनेला निवांत कोपरा मिळतो, अडलेला अभ्यास सोडवून द्यायला कुणीतरी असतं. "पण ज्यांना खरी गरज असते ती मुलं येतच नाहीत," बाई म्हणाल्या. "त्यांना घरून शिकवलेलं असतं, तक्रार करायची नाही. ती गुपचूप सामान बांधतात. आम्हाला कळतं तेव्हा खोलीतला पलंग रिकामा झालेला असतो."

चष्मेवाल्यांनी खाली पाहिलं. तेवढ्यात डॉक्टर उत्साहाने उठले. "अहो बाई, आमच्या चष्मेवाल्यांची मुलगी तुमच्याच विद्यापीठात आहे! चष्मेवाले, तुम्हीच सांगा ना, तुमच्या लोकांना काय वाटतं या केंद्राबद्दल?"

सगळ्या माना वळल्या.

वळल्या त्या प्रेमानेच. एकाच्याही नजरेत खोट नव्हती. तरीही चष्मेवाल्यांचे कान तापले, आपले हात कुठे ठेवावेत ते कळेना. काल पोरीला आपण 'दुर्लक्ष कर' म्हणालो ते याच्याकडे, हे त्यांना तिथे बसल्या बसल्या उमगलं.

"माझ्या लोकांचं मला ठाऊक नाही," ते हळूच म्हणाले. "माझ्या मुलीचं सांगतो. मघाशी मी खोटं बोललो. ती रविवारी शिक्षण सोडून घरी येतेय."

मंडळातले लोखंडी सामानाचे दुकानदार घसा खाकरून म्हणाले, "मग ते नाणं परत घ्या की हो. फसवणूक आहे ही." चष्मेवालेच आधी हसले, मग बाकीचे.

डॉक्टर मात्र ओशाळले होते. "आपण असं करू, केंद्रातल्या या सगळ्या मुलांना इथे बोलावून व्यासपीठावर सत्कार करू!"

"नका हो," बाई हात जोडून म्हणाल्या. "पुन्हा सगळे त्यांच्याकडेच बघणार. त्यापेक्षा एकेकाला घरी जेवायला बोलवा. आणि 'तुमच्यात काय करतात' ते विचारू नका. अभ्यासाचं विचारा, सिनेमाचं विचारा."

जिन्यात चष्मेवाल्यांनी बाईंना गाठलं. "तुम्ही तिला एक फोन कराल का?"

"मी केला तर केंद्राने बोलावल्यासारखं होईल. दार उघडं असतं एवढं सांगा. शेवटच्या वर्षाची एक मुलगी आहे आमच्याकडे, तिच्या समाजाची तर तिथे ती एकटीच. रोज दुपारी चहा करते. बाकी तिचं तिला ठरवू द्या."

संध्याकाळी त्यांनी लेकीला सगळं सांगितलं, स्वतःचं खोटंसुद्धा.

"सगळ्यांसमोर बोललात? बाबा, तुम्ही?" ती चिडलीच. मग म्हणाली, "सगळे बघत होते तुमच्याकडे?"

"तर काय! कान अजून गरम आहेत."

आवाज खाली आणून ती म्हणाली, "मी दोनदा गेले होते त्या खोलीच्या दारापर्यंत. आत मुली हसत होत्या. वाटलं, यांची सगळ्यांची ओळख आहे, आपण कशाला मध्ये?"

"जा" हा शब्द चष्मेवाल्यांच्या अगदी ओठांवर आला होता. त्यांनी तो गिळला. "तुला वाटेल ते कर," ते म्हणाले. "घर कुठे पळून जात नाही."

शनिवारी दुपारी त्यांचं गिऱ्हाईक तक्त्यावरची बारीक अक्षरं वाचत असताना फोन वाजला.

"बाबा, उद्या येत नाहीये. त्या चहावाल्या ताईने थांब म्हटलंय, परवा तिला सोबत घेऊन माझ्या वर्गात बसून बघणार आहे. पण बांधलेली पेटी अजून उघडली नाहीये हं मी. आईला सांगा."

"सांगतो," चष्मेवाले म्हणाले, आणि गिऱ्हाइकाला तसंच खुर्चीवर बसवून ठेवून दुकानामागच्या घरात बायकोला सांगायला गेले.