फळ्यावरचा तिसरा खिळा

आयलीन ब्रूबेकरला घरपट्टीची माफी हवी होती. परंतु त्याहून अधिक हवी होती वेंडल क्रॉफ्टची सही.

सस्क्वेहाना नदीकाठच्या हार्मन्स मिल गावाचे अग्निशमन दल स्वयंसेवकांचे. आयलीन एकोणिसाव्या वर्षी त्यात दाखल झाली. दिवसा शाळेची बस चालवायची आणि भोंगा वाजला की हातातले काम टाकून धावायची. त्रेचाळिसाव्या वर्षी धान्याच्या गोदामाला लागलेल्या आगीत लाकडी मजला कोसळला आणि तिचा उजवा पाय गुडघ्यापासून गेला. दलप्रमुख वेंडलने अहवालात लिहिले, 'हुकूम नसताना आत शिरली.' तेव्हापासून गावाच्या सहानुभूतीला ठपक्याची किनार लागली. आयलीनने दलाच्या सभागृहाकडे पाठ फिरवली, ती अकरा वर्षे.

मग राज्याने कर्तव्यावर अपंग झालेल्या जवानांना घरपट्टी माफ केली. आयलीनची दोन वर्षांची पट्टी थकलेली. माफी न मिळाल्यास घर लिलावात जाणार होते. अर्जावर मात्र तत्कालीन प्रमुखाची साक्ष आवश्यक होती: जखम हुकूम पाळताना झाली.

आयलीन अर्ज घेऊन गेली, तेव्हा वेंडल सभागृहात दलाच्या निधीसाठीच्या कोंबडीच्या जेवणावळीची टेबले मांडत होता.

"अहवालात आहे ते आहे, बाई," तो म्हणाला. "आता काय माझ्याकडून खोटं लिहून घेतेस?"

ती वळली, आणि तिला भिंतीवरची काचेची पेटी दिसली.

आगीत शिरण्यापूर्वी प्रत्येकाने शिरस्त्राणावरचा आपल्या नावाचा पितळी बिल्ला प्रमुखाच्या हाती द्यायचा आणि प्रमुखाने तो फळ्यावरच्या खिळ्याला अडकवायचा, ही दलाची रीत. न विचारता शिरणाऱ्याचा बिल्ला त्याच्या शिरस्त्राणावरच राहतो. त्या मोठ्या आगीची आठवण म्हणून वेंडलने त्या दिवशीचा फळा बिल्ल्यांसकट जसाच्या तसा या पेटीत जपला होता, खाली स्वतःचे नावही कोरून घेतले होते. दरवर्षी तो काच स्वतःच्या हाताने पुसत असे. पुसताना वाचायचे मात्र राहून गेले होते.

आयलीनने फळ्यावरची नावे वाचली आणि ती घरी गेली. तिच्या अर्जावर गावच्या मंडळाची सुनावणी याच सभागृहात भरणार होती.

सुनावणीच्या दुपारी मंडळाच्या अध्यक्षा समजुतीच्या सुरात म्हणाल्या, "आयलीन, डॉक्टरांचा दाखला पुरे आहे. अपवाद म्हणून आत्ताच मंजूर करतो. वाद कशाला?"

"हो म्हण," नवरा ऑरिन कुजबुजला. "अगं, घर वाचतंय!"

"अपवाद नको मला." ती कुबडीवर भार देऊन उठली. "चीफ, जरा त्या फळ्यापाशी या. तिसऱ्या खिळ्यावरचं नाव वाचा."

वेंडल गेला. तो बाहीने काच पुसू लागला.

"चष्मा देऊ का?" आयलीनने विचारले.

"तुझं आहे."

"तो बिल्ला कोणी अडकवला?"

"आयलीन, माणसांसमोर नको गं..."

"अकरा वर्षं माणसांसमोरच चाललं होतं. मोठ्यानं बोला, मागच्या खुर्च्यांना ऐकू जात नाही."

"मी अडकवला. मीच पाठवलं तुला आत."

"आणि मजला कुजलेला होता, हे ठाऊक होतं?"

"गोदामाच्या मालकानं सांगितलं होतं." तो फळ्याकडून वळला. "मला वाटलं, टिकेल."

तिने अर्ज पुढे केला. वेंडलला सही जमेना, तशी त्याची बायको पुढच्या रांगेतून उठून कागद धरायला आली. आयलीनने तिला हातानेच थांबवले. कागद तिने स्वतः धरला, आणि सहीचे शेवटचे अक्षर होईपर्यंत त्याच्या तोंडावरची नजर हटवली नाही.

माफी एकमताने मंजूर झाली.

गाडीत बसल्यावर ऑरिनने सुस्कारा सोडला. "त्याची बायको रडत होती गं."

"पाहिलं मी."

"सत्त्याहत्तरीचा म्हातारा तो. आता तरी मिटलं ना?"

आयलीनने गाडीचा पट्टा आवळला.

"घराचं मिटलं," ती म्हणाली.