दिघोरी ते मोहाडी, एका बरोबरीसाठी

आदल्या संध्याकाळपर्यंत मी मोहाडीला जाणार नव्हतो. मी मैदानावर असलो की आपली टीम हरते, असे माझ्या मनाने घेतले होते. शिवाय गुडघे, बीपीची गोळी, परतीची एसटी. शेवटी माझ्या बायकोने, सुमनने, पिशवी भरून दारात ठेवली. "पोराचा या सालचा शेवटचा सामना आहे. घरी बसून माझं डोकं खाण्यापेक्षा तिथं जाऊन खा," ती म्हणाली.

आमची टीम म्हणजे दिघोरीच्या ढिवरांची पोरं. सकाळी तलावात मासेमारी, संध्याकाळी धान कापलेल्या बांधीत फुटबॉल. गेल्या साली ती जिल्ह्याच्या खालच्या गटात पहिली आली आणि वरच्या गटात चढली. गावाने गुलाल उधळला. मला मात्र त्याच दिवसापासून झोप नाही. वरच्या गटातल्या टीमांकडे सपाट मैदानं, चांगले बूट. सालभर आम्ही हरत, रडतखडत खेळलो. आता मोहाडीत निदान बरोबरी झाली तर टिकणार, हरलो तर पुन्हा खाली. माझा मुलगा विलास कॅप्टन आहे. खाली आलो तर कॅप्टनकी सोडतो, असे तो आईजवळ बोलला होता. मला नाही बोलला.

पोरं टेम्पोने गेली. मी दिघोरीहून सकाळच्या एसटीने लाखनीला निघालो. म्हाताऱ्यांना अर्धे तिकीट आहे, आधार कार्ड जवळ ठेवा. मी ते चारदा चाचपून पाहिले. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना लाखोरीचे, म्हणजे लाखेच्या डाळीचे, पीक फुलले होते, बांध्याच्या बांध्या निळ्या. खिडकीकडची जागा मिळाली तर सोडू नका.

लाखनीला महामार्गावर ट्रकांची रांग संपता संपत नाही, रस्ता ओलांडताना जीव मुठीत धरावा लागतो. पण स्टँडजवळ तर्री-पोहे चांगले मिळतात. तिखटजाळ तर्री बेतानेच घ्या, मी बेत राखला नाही आणि भंडाऱ्यापर्यंत छातीत जळत राहिले.

भंडाऱ्याहून तुमसरकडे जाणारी गाडी मोहाडीवरून जाते. शेजारी मफलर गुंडाळलेले मोहाडीचेच एक गृहस्थ बसले होते. मी कुठला, कशाला निघालो, हे त्यांनी काढून घेतले आणि ते हसले.

"नवीन चढलेली टीम पाहुण्यासारखी असते भाऊ. जेवली की निघाली."

"आमची टिकंन," मी म्हणालो. आवाजात जोर नव्हता.

"काहून टिकंन? आजपर्यंत कोन टिकली, सांगा बरं."

मी पिशवीतली भाकर काढून त्यांना अर्धी दिली. वाद टाळायला खाणे बरे.

मोहाडीचे मैदान स्टँडपासून पायी जाण्यासारखे आहे. सावली अजिबात नाही. टोपी आणि पाण्याची बाटली न्याच.

आता आमच्या पोरांची एक युक्ती सांगायला हवी. तलावात ओढीचे मोठे जाळे असते, ते धरून सगळे ओळीने पाण्यात चालतात. एक जण "चाल रे!" म्हणतो आणि सगळ्यांनी एकदम पाऊल टाकायचे. एक मागे राहिला तर जाळे उचलले जाते आणि मासळी खालून निसटते. पोरांनी हेच मैदानात आणले. विलास "चाल रे!" म्हणतो, मागचे चौघे एकदम पुढे सरकतात, समोरचा खेळाडू त्यांच्या मागे एकटा उरतो. चेंडू त्याच्याकडे आला की पंचाचा झेंडा वर. ऑफसाइड. तलावात तो आवाज देण्याचे काम आजही माझे आहे. पोरं माझ्याच आवाजावर चालायला शिकली.

आणि तिथेच घात झाला. पहिल्या अर्ध्या वेळात मोहाडीच्या एकाने चेंडू लांब मारला, त्यांचा दुसरा पळत सुटला, आणि भीतीने माझ्याच तोंडून निघाले, "चाल रे!" चौघांनी सवयीने पाऊल पुढे टाकले. तो त्यांच्यामधून सरळ गेला. गोल.

मध्यंतरापर्यंत मी चहाच्या टपरीमागे उभा राहिलो. विलास शोधत आला.

"बाबा, तुमी होते?"

"मीच. जातो मी घरी."

तो रागावेल असे वाटले होते. तो हसायला लागला. "पाण्यात मासळी उसळल्यावर आवाज देते ना तुमी? इथं उसळायच्या आधी द्या लागते. चेंडू पायातून सुटला की उशीर झाला. बसा गुमान, पानी प्या."

दुसऱ्या अर्ध्यात आमच्या नामदेवने डोक्याने गोल केला. बरोबरी. मग मोहाडीने असे घेरले की मला बघवेना. ओरडून ओरडून विलासचा घसा बसला होता, त्याचा आवाज फाटला, मग निघेनासाच झाला. शेवटी तो कडेला माझ्याकडे वळला आणि स्वतःच्या गळ्याकडे बोट दाखवून हात हलवला. बाबा, आवाज तुमी द्या.

चेंडू त्यांच्या मधल्या खेळाडूकडे आला. त्याने मान वर केली, पाय मागे नेला. अजून मारला नव्हता.

"चाल रे!"

चौघे गेले. चेंडू वरून गेला, त्यांच्या खेळाडूने जाळ्यात मारलाही, लोक ओरडले. मी झेंड्याकडे पाहिले. झेंडा वर होता.

सामना बरोबरीत सुटला. गाडीतले मफलरवाले गृहस्थही सामना बघायला आले होते, ते दोन कप चहा घेऊन आले. "पाव्हने मुक्कामालेच रायले म्हना!" म्हणाले, आणि चहाचे पैसे मला देऊ दिले नाहीत. परतीला पोरांनी मला टेम्पोत पुढे बसवले. एसटी चुकेल ही माझी काळजी फुकट गेली.

घरी येऊन चार दिवस झाले. पुढच्या साली टिकू का, याची काळजी सुरू झालीच आहे. पण या पोरांनी मला बोल लावला नाही, उलट आवाज माझ्या हाती दिला, याचे उपकार मी कसे फेडू? सुमनला हे सांगितले तर ती म्हणाली, "जेवा आता."

काल सकाळी तलावात जाळे ओढत होतो. एक मोठी रोहू उसळली, मी नेहमीसारखा "चाल रे!" म्हणालो. पोरांनी पाऊल टाकले आणि सगळ्यांनी एकदम एक हात वर केला, पंचाकडे ऑफसाइड मागतात तसा. जाळे एका बाजूने सुटले, रोहू निघून गेली.

एरवी मी दिवसभर बडबडलो असतो. काल मीही हात वर केला.