चिंचेला टांगलेला काटा

अजूनही दुपारी जेवून जरा डोळा लागला की मला ते दिसतं. चिंचेच्या फांदीला भुसार बाजारातला मोठा काटा टांगलाय. त्याच्या पारड्यात ज्वारीचं पोतं नाही, तर लंगोट लावलेलं एक पोरगं मांडी घालून बसलंय, आणि ते हळूहळू जमिनीपासून सुटून वर चाललंय. भोवती हजारभर माणूस श्वास रोखून उभं. पारडं स्वतःभोवती जरासं फिरतं आणि पोरगं उन्हात पिवळंधमक दिसतं. तुम्ही स्वप्न म्हणाल. पण ही झालेली गोष्ट आहे, आणि त्या पोराला तोलणारा मीच.

साल चौतीस असेल, नाहीतर पस्तीस. मी कोंडीबा, बार्शीकडचा, गावच्या शाळेत चार बुकं शिकलेला आणि सोलापुरात एका अडतीवर तोलार. दिवसभर धान्य काट्यावर घालायचं आणि मोठ्यानं मोजायचं. आमच्यात पहिल्या पोत्याला 'एक' म्हणत नाहीत, 'लाभ' म्हणतात. लाभ, दोन, तीन, चार... ते गाणं इतकं अंगात मुरलं होतं की झोपेतही तोंडातून यायचं. आमची बायको बजाबाई म्हणायची, "अवो, उशीत ज्वारी न्हाय, झोपा की आता!"

आमच्या अडतीपुढनं रोज सकाळी गिरणीच्या दुसऱ्या भोंग्याला ईरप्पाण्णा जायचा. सात रस्त्याजवळच्या एका हायस्कुलात तो शिपाई होता. कान पैलवानाचे, चुरगळलेल्या पानासारखे. उजवा हात खांद्याच्या वर जात नसे, म्हणून शाळेची घंटा डाव्या हातानं वाजवायचा. तो हात गेला कसा, हे त्यानं मला पन्नासदा सांगितलं असेल आणि मी पन्नासदा नव्यानं ऐकलं. सोळाव्या वर्षी अक्कलकोटकडच्या एका जत्रेत उतरला होता. तिथली रीत म्हणजे जोड डोळ्यांनी लावायची. दोन गड्यांना हाताला धरून फडात फिरवायचं, लोकांनी "हां, जमली!" म्हटलं की कुस्ती लागली. "मी उंच दिसायचो की रे," अण्णा म्हणायचा. "लोकास्नी उंची दिसली, हाडं न्हाई दिसली." समोरचा गडी तिशीचा, त्याच्या दुप्पट. खांदा निखळला तो कायमचा.

पण कुस्तीवर त्याचा राग नव्हता, हे मला फार आवडायचं. राग होता तो जोड लावण्यावर.

त्या काळी तालुक्या-तालुक्यांतल्या हायस्कुलांच्या कुस्त्या वर्षातून एकदा भरायच्या. आदल्या साली एका पोराचं गळ्याजवळचं हाड मोडलं आणि आई-बापांची पत्रं आली. या साली त्या भरवायचा मान अण्णाच्या शाळेकडं होता. हेडमास्तर भले माणूस, पण त्यांनी अण्णाला बोलावून स्पष्ट सांगितलं, "ईरप्पा, सगळं तुझ्यावर सोपवतो. पण एक मुलगा जरी लंगडत घरी गेला, तर कुस्ती बंद. पुढच्या वर्षीपासून लेझीम."

अण्णा त्या दिवशी माझ्या अडतीवर येऊन तुरीच्या पोत्यावर बसला.

"लेझीम वाईट न्हाई कोंडीबा. पण लेझमीत पडून उठायला कुठं शिकिवत्यात?"

मग माझ्या काट्याकडं बघत राहिला. बघता बघता त्याचा चेहरा असा उजळला, जसं एखाद्यानं त्याच्या कानात काही सांगितलं. "तू पोरं तोलशील का रं?"

मी हसलो. तो हसला नाही.

पुढचे आठ दिवस रोज दुपारी तो सांगायचा आणि मी लिहून घ्यायचो. त्याला अक्षर येत नव्हतं. माझं मोडी अक्षर गावच्या मास्तरांनी छडीनं वळवलेलं. प्रत्येक पोर तोलायचं. पाच-पाच शेरांचे गट पाडायचे. चिठ्ठ्या घागरीत टाकून जोड काढायची, पण एका गावची पोरं पहिल्याच फेरीत एकमेकांवर घालायची नाहीत. घरी जाताना एका गाडीत बसणार ना ती! नखं आधी कापायची. एका पोराला दिवसात दोनच कुस्त्या. पंच बाहेरगावचा. माती चाळून, ताक-तेल घालून तीन दिवस मुरवायची. आणि हरला त्याला गूळ आधी, जिंकला त्याला मागनं.

"हे उलटं का, अण्णा?" मी विचारलं.

"जिंकलेल्याचं तोंड गोडच असतंय की."

संक्रांतीची गड्ड्याची जत्रा नुकतीच उरकली होती. थंडी अशी की पोरांचे दात वाजत होते. सकाळी शाळेच्या अंगणात चिंचेला काटा टांगला आणि मी सुरू केलं, "लाभ!" पोरं हसली. एकेक जण पारड्यात बसायचा, वर उचलला गेला की "अयाया!" करायचा. धुकं होतं. पारड्यातलं पोरगं वर गेलं की धुक्यात अर्धं नाहीसं व्हायचं, आणि मला वाटायचं, आपण पोरं नव्हे, ढग तोलतोय.

त्यात मंगळवेढ्याकडचा सिदू आला. मेंढपाळाचं पोर, घोंगडं डोक्यापासून गुडघ्यापर्यंत गुंडाळलेलं.

"घोंगडं काढ रं," मी म्हटलं.

"मामा, मरतोय की थंडीनं! काढल्यावर तुमी देताय का तुमचं कुडतं?"

मला दया आली. म्हटलं बस. आमच्या धंद्यात धान्य बारदानासकट, म्हणजे गोणपाटासकटच तोलतात, बारदानाचं वजन मुनीम मागनं वजा करतो. हात त्याच सवयीनं चालला. सिदू भरला बावन्न शेर. तसंच वहीत लिहिलं. इथं मुनीम कुठला असायला?

एकंदर सत्तेचाळीस पोरं. सत्तेचाळीस म्हणजे एकाची चिठ्ठी बिनजोडीची राहणार. ती निघाली येडूची, हलक्या गटातल्या सांगोल्याच्या पोराची.

दुपारी फड भरला. नवी पेठेतले दुकानदार, सुटलेले गिरणीवाले, तेलुगू बोलणारे विणकर, सगळे मातीभोवती दाटले. हलगी वाजत होती. तांबड्या मातीचा वास, ताकाचा आंबूस, वर उन्हात धूळ सोन्यासारखी तरंगती. कुस्त्या सुंदर चालल्या होत्या. पोरं पडत होती, उठत होती, मिठी मारत होती, गूळ खात होती. अण्णा जुन्या रीतीनं प्रत्येक जोडीला हात धरून एक फेरा मारून आणायचा. एवढी एक गोष्ट त्यानं जत्रेतली ठेवली होती.

सिदूची चिठ्ठी अक्कलकोटच्या मल्लप्पाबरोबर आली होती. मल्लप्पा त्रेपन्न शेर, मान अशी की सदऱ्याचं बटण लागत नसेल. अण्णा दोघांना धरून निघाला आणि अर्ध्या फेऱ्यातच थांबला. सिदूचं मनगट त्याच्या हातात होतं.

"कोंडीबा, हे पोरगं किती?"

मी वही बघितली. "बावन्न."

"इल्ला. न्हाई."

"वहीत हाय, अण्णा."

"वहीत असंल. माझ्या हातात न्हाई."

लोक ओरडायला लागले. "म्हाताऱ्या, कुस्ती लावतोस का लगीन?" "आंतरपाट आणा रं कुणीतरी!" सिदू तर चिडलाच. "मामा, सोडा हात! म्या भ्यालो न्हाय!" हेडमास्तरांनी खुर्चीतून मान वर केली. हलगी थांबली.

आणि मला घोंगडं आठवलं. गप्प राहिलो असतो तर कुणाला कळलं नसतं. बोललो तर सगळ्या गावापुढं अण्णाचा काटाच खोटा ठरत होता. पण मला त्याचा तो वर न जाणारा हात दिसला.

"चूक माझी," मी ओरडलो. "बारदानासकट तोललाय!"

काटा मागवावा लागला नाही. फड चिंचेखालीच होता. सिदू लंगोटावर पारड्यात बसला. आणि तेच ते, जे मला अजून दिसतं. दांडी सरळ झाली. चव्वेचाळीस.

मग सिदूला उतरवून त्याच पारड्यात नुसतं घोंगडं टाकलं, तर आठ शेर! सगळे चक्रावले. घोंगड्याची खोळ झटकली, तर बाहेर भाकऱ्यांची चळत, शेंगाचटणीचं मडकं, सोललेल्या शेंगांचं गाठोडं आणि पितळी तांब्या.

"आय म्हनली, पाव्हन्यांच्या गावात उपाशी ऱ्हाऊ नको," सिदू खाली बघत म्हणाला.

असा हशा उठला की चिंचेवरचे कावळे उडाले. पहिला हसला मल्लप्पा, आणि त्यानंच पहिली भाकरी मागितली. मल्लप्पाला बिनजोड ठेवला. सिदूला येडूवर घातला. दोघं सारखी, पाव तास झटली. शेवटी येडूनं सिदूची पाठ मातीला लावली आणि सिदूनं आधी गूळ खाल्ला. त्याच्या चेहऱ्यावरून वाटावं, जिंकला तोच.

उन्हं कलली तेव्हा अण्णा फाटकाशी जाऊन उभा राहिला. घरी निघालेल्या प्रत्येक पोराच्या पायांकडं बघायचा आणि पुटपुटायचा. जवळ गेलो तर ऐकू आलं, "लाभ... दोन... तीन..." हेडमास्तरही काठी टेकत शेजारी येऊन थांबले. शेहेचाळीस झाले. सगळे सरळ.

शेवटी सिदू आला. घोंगडं खांद्यावर, आणि चक्क लंगडत.

अण्णाचा चेहरा मातीसारखा झाला. "काय झालं रं पोरा?" अण्णानं पुढं होऊन विचारलं.

"अंगठा तुटला."

"आं?"

"वहाणंचा, मामा! मल्लप्पानं पाय दिला की, भाकरीसाठी झोंबताना."

अण्णा त्याच्या पायाशी बसला. माझ्याकडून पोतं शिवायची सुतळी मागितली, डाव्या हातानं वहाणेचा अंगठा बांधला, दातानं गाठ आवळली. "आता चल बघू."

सिदू चालला. सरळ, ताठ, जरा जास्तच ऐटीत.

"सत्तेचाळीस," अण्णा म्हणाला.

हेडमास्तर त्या लांब जाणाऱ्या पायांकडं बघत राहिले. मग मला म्हणाले, "पुढच्या वर्षी काटा मिळेल ना हो?"

मी हो म्हणायला वळलो तर अण्णा जागेवर नव्हता. शाळा रिकामी, सुट्टीचा दिवस, आणि ओसरीत घंटेचे टोल पडत होते, सावकाश, डाव्या हाताचे.