काकूच्या मोटारीमुळे दादाचा खेळ गेला नव्हता

परवाच्या पोस्टमध्ये मी लिहिलं होतं, की काकूने पाण्याची मोटार लावली, फ्यूज उडाला आणि दादाचा खेळ पुसला गेला. फ्यूज उडाला हे खरं. पण खेळ मीच पुसला होता.

दादा म्हणजे या काकूचा मुलगा, माझा महाळुंगे पडवळचा चुलतभाऊ. लहानपणी त्याच्या कॉम्प्युटरवर आम्ही तो खेळ खेळायचो. गावोगाव फिरायचं, लोकांची कामं करायची, तलवार मिळवायची आणि शेवटी राजकन्येला सोडवायचं. लढाया दादाच्या, गावकऱ्यांचं इंग्रजी वाचणं माझं. ती अक्षरं मला काकूनेच घरी शिकवली होती.

सेव्ह करायला जागा एकच होती. एका दुपारी मला माझ्या नावाची वैद्यीण घेऊन खेळायचं होतं, म्हणून मी दादाच्या खेळावर नवा खेळ सेव्ह केला. त्याची महिन्याभराची वाटचाल गेली. संध्याकाळी फ्यूज उडाला, सगळ्यांनी मोटारीला दोष दिला आणि मी गप्प बसले.

आज जुन्नरच्या बाजारात मला दादा आणि काकू भेटले. पोस्ट वाचलेला दादा म्हणाला, "आई, तुझ्यामुळं राजकन्या अजून कोंडलेली हाय बघ."

काकू हसली नाही. "लई वाईट वाटलं व्हतं रं. म्हणून तर तू खेळायला बसला की मी मोटार लावत नव्हते. आडावरनं कळशीनं पाणी आणायचे."

आम्हाला हे माहीतच नव्हतं. तेवढ्यात त्यांची एसटी लागली आणि खरं सांगायचं पुन्हा राहून गेलं.

ही पोस्ट दादाला दिसणार नाही, अशी ठेवली आहे. काकूला आधी माझ्या तोंडून कळायला हवं. हे सांगायला तुम्ही सुरुवात कशी केली असती? मी महाळुंग्याला जाणार आहे, येत्या रविवारी.